साळूबाईचं डांबर

साळूबाईला राग यायला कारण लागत नाही, असं गावातले म्हणतात. साफ खोटं. कारण लागतं, आणि ते दर वेळी कुणी ना कुणी तिच्या दारात आणून टाकतं. या खेपेला ते चेअरमन कारभारीनं आणलं, मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत, चहा पिता पिता.

"वहिनी, तुमच्या बारवेच्या पाण्यात मासळी न्हाई. यंत्रानं दाखवलं. तिथं आता सोसायटीचे पिंजरे टाकायचे ठरलंय."

परतूरकडच्या या धरणात भोयांनी पाणी वाटून घेतलंय, आणि प्रत्येक वाट्याला खाली बुडालेल्या गावातल्या जागेचं नाव आहे. कुणाचं मारुतीचं पाणी, कारभारीचं चावडीचं, साळूबाईचं बारवेचं. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती तिथं एकटी जाळं टाकते. मासे पाळायचे पिंजरे आले की तिचं जाळं उठलं. मग साळूबाईनं खावं काय, ते यंत्रानं दाखवलं नव्हतं.

यंत्र म्हणजे सोसायटीच्या इंजिनाच्या होडीला बुडाशी बसवलेल्या दोन डब्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. होडी सरळ जाते आणि डब्या आवाज सोडून आपापल्या अंगाचं पाणी चाचपतात. तळाला काय आहे, मासे कुठं थांबलेत, ते पडद्यावर उमटतं. चालवायला कारभारीचा पुतण्या कल्याण, कॉलेज केलेला.

"यंत्र खोटं बोलतंय न्हाईतर तू," साळूबाई त्याला म्हणाली. "लगीन होऊन आले तव्हा त्या बारवेतून मी पाणी आणलंय. बावीस पायऱ्या हायेत. कटला मासा पायऱ्यांच्या आडोशाला बसतो. दरसाल सांगून राह्यले मी."

"काकू, तिकडं पडदा कोराच येतो. मी काय करू?"

"मला बसव उद्या होडीत." तिनं कप खाली आपटला. "आन सगळे ऐका. ज्याची खोट निघंल त्यानं गावच्या साऱ्या होड्या एकट्यानं डांबरायच्या. बिलकुल फुकट. हाय कबूल?"

कारभारी हसत कबूल म्हणाला. बाकीच्या बाप्यांनी माना डोलावल्या. बारा वर्षं पाटी पाटी मासळी आणून दिली त्या बाईचा शब्द पोकळ, आणि काल आलेल्या डबीचा शब्द वजनाचा. साळूबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

सकाळी होडी निघाली. बारवेचं पाणी डाव्या हाताला होतं, आणि पडद्याची डावी बाजू खरंच कोरी. उजवीकडं, कारभारीच्या चावडीच्या पाण्यात मात्र माशांचे ठिपके. पुढं जाऊन कल्याणनं होडी वळवली आणि पडदा बंद करायला हात घातला. परतताना तो रोजच बॅटरी वाचवायचा.

"राहू दे चालू. आल्या वाटेनंच चल," साळूबाई म्हणाली.

आता बारव उजव्या हाताला आली. पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या, एकीखाली एक. मग चौकोनी भिंत, आणि भिंतीच्या आडोशाला उजळ ठिपक्यांची गर्दी.

"काकू, पायऱ्या," कल्याण हळूच म्हणाला.

"आन डावीकडं बघ. आता तुझ्या चुलत्याचं पाणी कोरं झालं. मासे काय घडीभरात उठून माझ्याकडं पाहुणे आले? डावी डबी आंधळी हाय, गाढवा. बसवता येत न्हाई, आन निघाला माझं पाणी घ्यायला. काढ ती."

काठाला येऊन त्यानं डबी सोडवली. साळूबाईनं तिच्यावरून बोट फिरवलं. डबीवर जाड डांबर होतं, एकसारखं, कडा बोटानं दाबून बसवलेल्या. असं डांबर गावात एकच माणूस लावतं. उजवी डबी संभाजीनगरहून चार दिवस उशिरा आल्ती. डावी आधीच बसवलेली, आणि त्या चार दिवसांत होडी डांबरायला दरवर्षीसारखी साळूबाईच बसल्ती. बुडाशी काहीतरी नवं दिसलं, त्यात पाणी शिरू नये म्हणून तिनं दोन हात जास्तच मारले होते.

कल्याणला वाटत होतं, डबी कारखान्यातूनच काळी आली. ती गप्प राहिली असती तर खपून गेलं असतं. आयुष्यभर तिनं जगावर राग काढला, स्वतःवर काढायची ही पहिलीच वेळ. तिनं रॉकेलचं फडकं घेतलं आणि डबी खसाखसा पुसायला लागली.

तेवढ्यात कारभारी आला. पडद्यावरचं चित्र पाहून तो पुतण्यावरच उखडला. "साधी डबी बसवता येत न्हाई तुला? चार माणसांत नाक कापलंस."

"त्याला बोलू नका भाऊजी," साळूबाई म्हणाली. "डांबर मी लावलंय."

जमलेले हसले. कारभारीही हसला. "मंग होड्या सतरा हायेत, वहिनी."

"मोजता येतात मला. डांबरते. आधी बारवेत मासळी हाय ते वहीत लिवा."

कारभारीनं ठरावाची वही मागवून लिहिलं. तिनं कल्याणकडून वाचून घेतलं. 'यंत्राने दाखवल्यावरून बारवेच्या पाण्यात मासळी आहे, सबब पिंजरे रद्द.'

"खोडा ते," साळूबाई म्हणाली. "बारा वर्षं मी सांगितलं ते ऐकू आलं न्हाई, आन डबीनं एकदा सांगितलं की जल्दी लिवता. डबी तरी माझ्या डांबरानं आंधळी होती. तुम्ही कशानं होता?"

कारभारीनं 'यंत्राने दाखवल्यावरून' खोडलं, वर 'साळूबाईने सांगितल्यावरून' असं लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड शोधायला लागला.

साळूबाईनं वही ओढून घेतली आणि डांबरानं काळा झालेला अंगठा आपल्या नावाखाली दाबला.