अकरा ओळींची बातमी

अकोल्यातलं आमचं साप्ताहिक दर शुक्रवारी निघायचं. नावाखाली ‘निर्भीड’ असा शब्द असायचा. तो नावासकट शिशाच्या ठोकळ्यात कायमचा ओतलेला होता, म्हणून टिकला. दर आठवड्याला एकेका अक्षराचे खिळे जुळवून तो छापावा लागला असता, तर कुणाला तरी लाज वाटली असती. मी तिथं मुद्रितं तपासायचो. आधी शाळेत होतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत.

श्रावण आमचा कंपोझिटर. हिवरखेडकडच्या एका खेड्यातून आईचं बोट धरून अकोल्याला आलेला. छापखान्यात झाडू मारायला लागला आणि खिळे पुसता पुसता अक्षरं शिकला. त्यामुळे त्याला उलटी अक्षरं आधी वाचता आली, सुलटी नंतर. छप्पन साली त्याच्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हापासून रोज धुतलेला पांढरा सदरा घालून यायचा आणि शाईच्या कामातही तो कोरा राखायचा. बोलणं कमी. हात मात्र असा चाले की बघत राहावं.

त्याची आई सुंदराबाई गावातल्या एका शेठच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. जिनाच्या आवारात पाण्याचा पिंप होता, पण सुंदराबाईच्या समाजातल्या बायांनी त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं. एकसष्टच्या हंगामात सुंदराबाई उठली आणि फाटकात जाऊन बसली. मग तिच्यामागे सगळ्याच बाया बसल्या, पिंपाला हात लावणाऱ्यासुद्धा. तीन दिवस जिन बंद. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली, तेव्हा शेठ नरमले. आवारात नळ बसला, सगळ्यांसाठी एकच.

श्रावणनं ही बातमी कागदावर लिहिलीच नाही. उभ्या उभ्या खिळ्यांतच जुळवली. अकरा ओळी. माझ्याकडे मुद्रित आलं, त्यात एक चूक नव्हती. मी ते संपादकांपुढे ठेवलं.

आमचे संपादक बापूसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. शेवटचं पान वर्षभर शेठच्या जिनाच्या आणि तेलघाण्याच्या जाहिरातीनं भरायचं. त्यात शेठ निवडणुकीला उभे, आणि ज्या पक्षाचं तिकीट त्यांना, त्याच पक्षाचे बापूसाहेब जुने कार्यकर्ते.

“बातमी चांगली आहे,” ते म्हणाले. “पुढच्या अंकी घेऊ.”

श्रावणनं त्या अकरा ओळींना दोरा गुंडाळला आणि त्या फळीवर बाजूला ठेवल्या. पुढच्या अंकी जागा नव्हती. त्याच्या पुढच्या अंकी शेठचं भाषण होतं. मग मतदान झालं. दर गुरुवारी श्रावण ओल्या फडक्यानं त्या ओळींवरची धूळ पुसायचा आणि विचारायचा, “साहेब, ते मॅटर घेऊन राहिले ना या खेपेले?” बापूसाहेब चष्मा पुसायचे. मीही मान खाली घालायचो. पगार मलाही तिथलाच होता, हे मी आज कबूल करतो.

एकदा मी त्याला म्हणालो, “अरे, आईनं केलं ते केलं. छापून आलं काय, न आलं काय!”

“मास्तर, माही बहीण शकुन चांदूर रेल्वेले देली. तिथल्या जिनात हाय. तिथं अजून वरूनच पाणी ओततात. माय रोज इचारते, पेपर चांदूरले पोचला का म्हनून.”

“मग चिठ्ठी टाक तिला.”

“टाकतो म्हनलं होतं. माय म्हनते, चिठ्ठीनं एकट्या शकुनले कळन. पेपरात आलं तं साऱ्या बायायले कळन, अन् खरं वाटन.”

त्या बाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण वर्तमानपत्र कशासाठी असतं हे तिला बापूसाहेब आणि माझ्यासारख्या शिकलेल्यांपेक्षा नीट ठाऊक होतं.

शेठ निवडून आले. सत्काराचा खास अंक ठरला आणि खिळ्यांच्या खणांत अक्षरं कमी पडायला लागली. बापूसाहेब म्हणाले, “श्रावण, ते जुनं मॅटर सोड आता.” सोडायचं म्हणजे दोरा काढून एकेक अक्षर आपापल्या खणात परत टाकायचं. श्रावण “हो” म्हणाला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबला. सुट्टीत त्यानं वर पेपराच्या नावाचा ठोकळा ठेवला, खाली त्या अकरा ओळी, बाकीची जागा त्याच आठवड्याच्या जुळवून ठेवलेल्या मॅटरनं भरली. यंत्रावरच्या अब्दुल गफ्फारनं चांगला कागद काढून दिला. रूळ फिरला. एकच प्रत निघाली. श्रावणनं ती माझ्या हातात दिली. मी नेहमीच्या सवयीनं चूक शोधली, सापडली नाही. आम्ही तिघं त्या कागदाकडे बघत राहिलो. फार सुंदर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई तो कागद पदरात घेऊन पॅसेंजरनं चांदूरला गेली. ओळी मात्र श्रावणनं सोडल्या नाहीत, पुन्हा दोरा गुंडाळून फळीमागे ठेवल्या.

तीन दिवसांनी ती छापखान्याच्या दारात आली. त्याआधी ती कधी आत आली नव्हती. गफ्फारनं स्टूल दिलं, तरी ती उंबऱ्याशीच बसली.

“वाचलं का बायायनं?” श्रावणनं विचारलं.

“जेवाच्या टायमाले साऱ्या जमल्या व्हत्या. एका पोट्टीनं वाचून दाखोलं. माहं नाव आलं तं शकुन अशी हासली, बाप्पा! दोघीतिघी उठाले बी लागल्या, चला म्हने फाटकात. मंग मुकादम आला. त्यानं हातातून कागद घेतला अन् उलटा केला. मांगून कोरा व्हता, श्रावण.”

श्रावणनं हातातला खिळा खाली ठेवला.

“तो म्हने, हा काई पेपर नाई, हे घरी छापलं. अन् त्या बायायलेबी पटलं. मिठाची पुडी सोडली तरी पेपर दोनी अंगानं छापलेला असते, हे कोनाले माईत नाई? शकुननं मान खाली घातली. म्हने, माय, काहून आली वं तू?”

श्रावणचा चेहरा पाहवत नव्हता. दहा वर्षं त्याच्या हातातून मुद्रिताचा जो पहिला कागद निघे, तो एका अंगानंच छापलेला असे. माझ्याही टेबलावर तेच कागद येत. आम्ही दोघं त्यालाच पेपर समजायला लागलो होतो. मुकादमानं तो पालटला, आणि अक्षर न येणाऱ्या बायांनाही फरक कळला.

सुंदराबाईनं चार घड्या घातलेला कागद पोराच्या हाती दिला. रागावली नव्हती, समजूत घालत होती. “तुही चूक नाई रे. मांगं काई तरी पाह्यजे व्हतं बस. शेठची ते मोठी जायरात असते ना, तेच असती मांगं, तं खरा वाटला असता.”

ती गेल्यावर श्रावणनं दोरा सोडला. अकरा ओळींतलं एकेक अक्षर खणात परत टाकलं आणि शेठच्या सत्काराची बातमी जुळवायला घेतली.