कल का तापमान
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की पंडरी भागातलं ते ऑफिस आठवतं आणि अजूनही डोकं तापतं. विजेची मागणी सांगणारा प्रोग्रॅम होता. माझा भाग सी भाषेत, त्याला तापमान पुरवणारा भाग शेजारच्या सहकाऱ्यानं पायथनमध्ये लिहिलेला. तो मराठी घरचा, पण हिंदीशिवाय तोंड उघडत नसे, म्हणून मीही हिंदीतच सांगितलं होतं, ‘कल का तापमान देना.’ दोन्ही भाग बिनतक्रार जुळले, पण अंदाज साफ चुकला. ‘इनका कोड ही बकवास है,’ तो साहेबांसमोर ओरडला. मी म्हटलं, ‘अबे, उद्याचं मागितलं, तू कालचं काहून दिलं?’ ‘कल ही तो बोला था!’ साहेबांनी मलाच झापलं. परवा तो सदर बाजारात भेटला. निघताना म्हणाला, ‘कल मिलते हैं.’ म्हटलं, ‘हव, कालच भेटू.’