मनकर्णाबाईंच्या चार पायऱ्या

पेडगावच्या शिवारात मनकर्णाबाईंइतकी हट्टी बाई दुसरी नाही, आणि हे मी कौतुकानंच सांगतोय. बांधाला बांध लागून असल्यामुळं त्यांचा हट्ट मी वीस वर्षं बघत आलोय.

त्यांची आणि त्यांच्या धाकट्या दिराची, सटवाजीची, विहीर एकच, आत उतरायला दगडी पायऱ्या असलेली. पाळी एक दिवसाआड. सौर पंप बसवला तेव्हा दोघांनी मिळून नारळ फोडला. पण पंप उन्हावर चालतो, आणि ऊन काही पाळी बघून पडत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

यंदा मार्चात बाईंच्या तीन पाळ्या ओळीनं ढगात गेल्या. पंप नुसता घुरघुरायचा. त्यांनी न उपसलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सटवाजीच्या भुईमुगाला जायचं. इकडं बाईंचा बियाण्याचा कांदा दाणा भरत होता. अकरा वर्षं राखलेलं घरचं बी. शेवटचं पाणी चुकलं असतं तर दाणा पोचट राहून पुढं पेरायला काही उरलं नसतं. त्या दिवसभर आभाळाकडं बघत बसायच्या. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी त्या दिराला म्हणाल्या, "भावजी, दिवस मोजूच नका. सकाळी जितक्या पायऱ्या पाण्यात, त्यातल्या निम्म्या तुमच्या, निम्म्या माज्या. रोज."

"दिवस म्हंजी दिवस, वैनी. पायऱ्या कोन मोजत बसंल?"

चौथ्या पाळीला लख्ख ऊन पडलं. सकाळी आठ पायऱ्या पाण्यात होत्या. दिवस धरला तर सगळं पाणी बाईंचंच. पण चार पायऱ्या उघड्या पडल्या आणि त्यांनी पंप बंद केला. तीन सऱ्या अजून कोरड्याच होत्या. मला तर रागच आला. असला मानीपणा काय कामाचा!

भर उन्हात पंप थांबलेला पाहून सटवाजी धावत आला.

"मोटार जळाली का काय?"

"न्हाई. माज्या चार झाल्या."

"सऱ्या कोरड्या हायत की, वैनी!"

"राहिलेल्या चार तुमच्या हायत."

सटवाजीनं काठावर बसून उघड्या पडलेल्या पायऱ्या बोटानं मोजल्या. मग उठला, स्वतःच पंप चालू केला आणि पाणी कांद्याकडं वळवलं.

"ही पाचवी माजी हाय," तो म्हणाला. "दाणा भरू द्या. अन् उद्या सकाळी मोजायला या. म्या एकट्यानं मोजल्या तर तुमीच भांडताल."