नंदीचे डोळे

मंगळवार पेठेतला आमचा शेजारी भरमाप्पा पाथरवट म्हणजे तोंडाला कुलूप. पाट्या-वरवंट्याला टाकी लावून द्यायचा, फार तर 'हां' म्हणायचा. उरलेलं बोलणं त्याची बायको नीलम्मा उरकायची. मूलबाळ नव्हतं; कौतुक असो की भांडण, सगळं त्याच्याच वाट्याला यायचं.

बहात्तर साली कोडोलीच्या पंचांनी त्याला महादेवाच्या देवळासाठी नंदी घडवायला सांगितला. त्याच्या घराण्याची रीत अशी, की नंदीचे डोळे घरी कोरायचे नाहीत. पिंडीसमोर बसवल्यावर शेवटची टाकी डोळ्यांना. जन्मभर देवाकडं बघत बसायचं, तर पहिली नजरही देवावरच पडली पाहिजे.

शिंगं झाली, वशिंड झालं, गळ्यातली घुंगरमाळ झाली आणि नीलम्मानं अंथरूण धरलं. तिला पुरा झालेला नंदी बघायचा होता. ती कोडोलीपर्यंत पोचायची नाही, हे भरमाप्पाला दिसत होतं. त्यानं तिची खाट अंगणात आणली आणि तिच्यासमोर नंदीचे डोळे कोरले. त्याच आठवड्यात ती गेली.

पंच गाडी घेऊन आले, तेव्हा या शहाण्यानं सगळं खरं सांगून टाकलं. गप्प बसायची सवय नेमकी तेव्हाच मोडली. देवाआधी बाईला बघितलेला नंदी चालायचा नाही, असं पंच म्हणाले. मग त्यांच्यातल्या सयाजीनं तोड काढली, की हे डोळे तासून टाकायचे आणि पिंडीसमोर नवे कोरायचे. बाकीच्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मलाही ते पटलं. भरमाप्पा 'न्हाय' म्हणाला आणि गाडी रिकामी परत गेली.

पुढं घरोघरी मिक्सर आले, पाट्यांना कुणी विचारीना. भरमाप्पा नंदीसमोर बसून एकटाच जेवायचा. दिवसदिवस त्या घरातून आवाज येत नसे. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

एका बेंदराला, बैलांच्या सणाला, मी पुरणपोळी घेऊन गेलो. तो नंदीच्या कपाळावरची धूळ पुसत होता. न राहवून मी विचारलं, देवाचा नंदी असा अडवून का ठेवलास?

त्याचा हात नंदीच्या डोळ्यांवर थांबला.

"शेवटचा घाव घातला आणि ती हसली," तो म्हणाला. "मला नुसता आवाज आला. माझी नजर टाकीवर हुती. तिला हसताना बघितलंय ते ह्यानंच. त्येचं डोळं तासू व्हय?"