आत्याचा अंगठा

माझे बाबा आणि माझी आत्या एकतीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे दारं आपटली, तोंड बघणार नाही म्हणाले, असलं काही नाही. दोघं एकाच गल्लीत राहतात. कोणी आजारी पडलं की दोघंही दवाखान्यात हजर, आणि शेजारीशेजारी बसून तिसऱ्याच माणसाशी बोलणार. "तिला सांग, औषध जेवणानंतर आहे." "त्याला सांग, मला वाचता येतं." अर्ध्या हाताच्या अंतरावर हे निरोप पोचवायचं काम मला कळायला लागल्यापासून माझ्याकडे होतं. माझ्या लग्नात बाबा फोटोग्राफरला म्हणाले, "त्या बाईंना जरा डावीकडे सरकायला सांगा." त्या बाई म्हणजे माझी सख्खी आत्या. मी नटूनथटून उभी होते, तशीच दोघांवर ओरडले. त्याचाही फोटो आहे.

कारण काय, तर एक बास्केट. आमच्या बास्केटबॉल लीगची बाद फेरी, उपांत्य सामना, शेवटचे दोन सेकंद. बाबा कप्तान आणि त्यांचा संघ एका गुणाने पुढे. समोरच्या संघात एक उंच गडी होता, त्याला सगळे शिडी म्हणत. शिडीने कडेवरून आलेला चेंडू झेलला, हवेतच वळला आणि टाकला. चेंडू हातातून सुटला, भोंगा वाजला, चेंडू जाळीत. शिडीचा संघ जिंकला. टीव्हीवाल्यांनी वरच्या गॅलरीतून घेतलेली ती दहा सेकंदांची चित्रफीत अजूनही दरवर्षी कोणीतरी कोणालातरी पाठवतं. खेळाचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानात शिडीचा तो फोटो भिंतभर लावलाय. आम्ही बूट घ्यायला त्या दुकानात जात नाही.

आणि त्या दिवशी घड्याळावर होती आत्या.

आत्या तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नुकतीच कायम झालेली. येणाऱ्या प्रत्येक कॅनमधून नमुना काढायचा, नळीत घालून यंत्रात फिरवायचा, आणि फॅट किती, पाणी किती ते लिहायचं, हे तिचं काम. तिच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे. दूधवाले म्हणत, ही बाई स्वतःच्या बापाच्या दुधातलंही पाणी काढेल. ते खोटं नव्हतं. आजोबांचा एक कॅन तिने खरंच परत पाठवला होता आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांनाच गरम गरम वाढलं होतं. आजोबा मुकाट्याने जेवले.

खेळाचं वेड दोघा भावंडांना सारखंच. आत्याने टेबलावरच्या पंचांची परीक्षा दिली होती. सामन्याच्या दिवशी नेमलेला वेळाधिकारी तापाने फणफणला आणि सबंध सभागृहात ती परीक्षा पास झालेलं दुसरं कोणी नव्हतं. "पण ही त्यांच्या कप्तानाची बहीण ना?" कोणीतरी म्हणालं. त्यावर शिडीच्या संघाचे प्रशिक्षक म्हणाले, "असू दे. ती डेअरीतली आहे." असा तिचा लौकिक होता.

वेळाधिकाऱ्याचं काम ऐकायला सोपं आहे. चेंडू कडेवरून आत फेकला जाताना पंच एक हात वर धरून उभा असतो. आतल्या खेळाडूचा चेंडूला हात लागला की पंच आपला हात खाली पाडतो, आणि तो पडला रे पडला की टेबलावरच्याने अंगठ्याने बटण दाबून घड्याळ सुरू करायचं. शून्य झालं की भोंगा आपोआप वाजतो. दोन सेकंद उरलेले असताना सगळी मदार त्या अंगठ्यावर.

भोंगा वाजल्यावर बाबा सरळ टेबलापाशी आले आणि हजार माणसांदेखत म्हणाले, "घड्याळ उशिरा सुरू केलंस. मुद्दाम केलंस. लोकांनी प्रामाणिक म्हणावं म्हणून भावाला बुडवलंस."

आत्या म्हणाली, "हात पडला, मी दाबलं."

झालं. तिने उशीर कबूल करावा, असं बाबांचं म्हणणं. त्यांनी 'मुद्दाम' हा शब्द मागे घ्यावा, असं तिचं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे सुंभही शाबूत होता. आजी दोघांची मनधरणी करता करता गेली.

मागच्या महिन्यात राखीवला एक टेप सापडली. राखीव हा शिडीच्या संघातला राखीव खेळाडू. आता तो दातांचा डॉक्टर आहे, केसही गेले, पण नाव राखीवच राहिलं. आईचं कपाट आवरताना त्याला ती मिळाली. त्या माउलीने कोर्टाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून अख्ख्या सामन्याचं शूटिंग केलं होतं. त्याने ते संगणकावर उतरवून घेतलं आणि मोठ्या अभिमानाने सगळ्यांसाठी टाकलं: त्या बास्केटचं दुर्मीळ चित्रण, थेट कोर्टाच्या काठावरून. दोन दिवसांत हजारो लोकांनी पाहिलं आणि यथेच्छ शिव्या घातल्या, कारण त्यात चेंडूच नव्हता. आई ती आई. तिने दीड तास फक्त आपल्या मुलाला टिपलं होतं, आणि मुलगा दीड तास बाकावर बसला होता. राखीव पाणी पितो. राखीव गुडघा खाजवतो. पलीकडे शिडी इतिहास घडवतोय आणि राखीव बुटाची नाडी बांधतोय. खाली एकाने लिहिलं होतं, 'बाकाचं सुतारकाम मात्र झकास दिसतंय.'

मीही पोट धरून हसले. मग मला राखीवच्या डाव्या कानामागे आत्या दिसली. टेबलाशी बसलेली, अंगठा बटणावर. आणि उजवीकडे पाठमोरा पंच, हात वर.

मी शाळेत भूमिती शिकवते, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवता येतं. एका सेकंदात पंचवीस. पंचाचा हात पडला. एक, दोन, तीन. अंगठा जागेवर. चार, पाच, सहा. जागेवर. नवव्या फ्रेमला अंगठा खाली गेला. आणि टीव्हीच्या चित्रफितीत चेंडू सुटणं आणि भोंगा वाजणं यात दोनच फ्रेमचं अंतर आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे बटण वेळेवर दाबलं असतं, तर चेंडू शिडीच्या हातात असतानाच भोंगा वाजला असता. मी लॅपटॉप मिटला. पहिल्या सायकलपासून प्रेमविवाहापर्यंत प्रत्येक भांडणात आत्या माझ्या बाजूने उभी राहिली होती. मी ठरवलं, हे कोणाला म्हणून सांगायचं नाही.

रविवारी सकाळी ती स्वतःच दारात. चपलाही न काढता म्हणाली, "माझा सिनेमा निघालाय म्हणे. लाव."

"काही नाही गं त्यात, तो राखीव नुसता—"

"लाव म्हटलं ना."

लावलं. तिने चष्मा पुसून पाहिलं. "पुन्हा," म्हणाली. तीनदा पुन्हा म्हणाली. मग पर्समधून पेन काढलं. "हा एक नमुना झाला. एका नमुन्यावर मी दुधाचाही निकाल देत नाही. आधीचे दाखव."

दीड तासाच्या चित्रणात पंचाचा हात आणि तिचा अंगठा एकत्र दिसतील अशा आणखी अकरा जागा सापडल्या. मी मोजत गेले, ती लिहीत गेली. चार, पाच, पाच, चार, पाच. अकराही वेळा चार किंवा पाच, डोळ्याने पाहून बोट हलायला लागतात तेवढ्याच. फक्त शेवटच्या वेळी नऊ. कागद आमच्या दोघींच्या मध्ये पडून राहिला.

"माणसाचा अंगठा आहे, आत्या," मी म्हणाले. "दमली असशील. घाम आला असेल."

"किती दूधवाल्यांनी मला हे सांगितलंय माहितेय? ऊन फार होतं, बाई. गाय पाणी जास्त प्यायली असेल, बाई." ती हसली, पण हसू पुरलं नाही. "मला आठवतंय गं. हात पडताना दिसला आणि मनात आलं, घाई नको. घाई केलीस तर म्हणतील भावासाठी केली. एवढंच आलं मनात. मुद्दाम नव्हतं. पण उशीर झाला. दादा खरं बोलत होता."

"अर्धं खरं."

"अर्धं तर अर्धं."

तिचे डोळे भरले होते. मला रडू आलं आणि रागही आला, दोघांचाही. "आता उकरून काय मिळणार?" मी म्हणाले. "निकाल थोडाच बदलणार आहे?"

"सामन्याचा नाही बदलणार," असं म्हणून ती उठली, आणि मी मागे धावले.

बाबा मोटार चालवायला शिकवतात. रविवारी गोदामांमागचा रस्ता रिकामा असतो, तिथे नवशिक्यांना नेतात. एक पन्नाशीच्या बाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून येत होत्या आणि शेजारी बाबा, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून. आत्या सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाडी हिसका देऊन थांबली. ब्रेक बाबांनी दाबला होता. त्या बाईंनी हॉर्न.

आत्या बाबांच्या खिडकीशी गेली. "दादा," ती म्हणाली, "माझ्याकडून उशीर झाला. नऊ फ्रेम. एरवी पाच लागायच्या. मी घाबरले होते, पण उशीर केला तो मीच. तू सांगत होतास आणि मी ऐकलं नाही."

बाबांनी काचेतून समोर पाहिलं. मग सवयीने माझ्याकडे वळले. "तिला सांग—"

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "मी राजीनामा दिलाय."

बाबांनी हात लांबवून इंजिन बंद केलं.

"आठ," बाबा म्हणाले.

"काय आठ?" आत्या म्हणाली.

"आठ फ्रेम. नऊ नाहीत. हात पुरता खाली आल्यावर मोजायचं असतं, यायला लागल्यापासून नाही."

"म्हणजे तू पाहिलंस?"

"मंगळवारपासून रोज बघतोय."

"नऊच आहेत, दादा. मी लिहून आणलंय."

"लिहिलं म्हणून खरं होतं का? आठ!"

"नऊ!"

"मी उतरू का?" शिकाऊ बाईंनी विचारलं. "इंडिकेटर द्या आणि बसा," बाबा म्हणाले. मी मात्र रस्त्यात उभी राहून ऐकत होते. माझे बाबा माझ्या आत्याशी थेट भांडत होते, आणि तेही तिचा गुन्हा एका फ्रेमने कमी करण्यासाठी, आणि ती एक फ्रेमही सोडायला तयार नव्हती. एका माळेचे मणी दोघं.

"भोंग्यानंतरचं पाहिलंस का?" बाबांचा आवाज खाली आला.

"त्यात काय बघायचंय?"

"तो राखीव उठून पळतो, तेव्हा मागे तू पूर्ण दिसतेस. सगळं सभागृह नाचतंय आणि तू तोंडावर हात घेऊन माझ्याकडे बघतेयस. मी टेबलापाशी आलो तेव्हा मला हे दिसलंच नव्हतं गं. मला वाटायचं, तू ताठ मानेने बसली होतीस." त्यांनी मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं. "मुद्दाम म्हणालो मी. चुकलं माझं. फार चुकलं."

आत्याने पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. काढला तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"दादा, ती बास्केट गेली कशी रे?" तिने विचारलं. "मी तर घड्याळाकडे बघत होते. आणि नंतर कधी बघायचा धीर झाला नाही. कोणी लावली की मी उठून जाते."

बाबांनी पट्टा काढला. बासष्ट वर्षांचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला. दार धरून उतरले, आत्याला खांद्याला धरून रस्त्याच्या मधोमध उभं केलं. "तू शिडी. मी इथे, तुझ्यासमोर. त्याने डावीकडे हूल दिली, मी फसलो नाही. मग तो हवेतच वळला. असा वळ. अगं, असा नाही, असा." त्यांनी दोन्ही हात उंच केले, टाचा उचलल्या आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक तिला दाखवलं. "इथून गेली. इथून, एवढ्याशा अंतराने."

आत्या मान वर करून त्या बोटाकडे बघत राहिली.

"सुंदर होती गं," बाबा म्हणाले. "काय सुंदर टाकली होती त्याने."