तारेचा चटका

गच्चीत मधोमध भिंत उभी राहिली आणि तिच्यावरून दादाच्या बाजूला जाणारी कपडे वाळत घालायची तार तोडायची वेळ आली. पक्कड वाटणीत दादाकडे गेलेली.

"अहो, मोठ्या भाऊजींकडनं मागून आणा की," बायको म्हणाली.

"मेलो तरी नाही," म्हटलं आणि तार हातानंच वाकवायला लागलो. एकाच जागी, इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी तुटली. तुटलेल्या टोकाला सहज बोट लावलं तर चटका बसला.

साधी तार ती, पण तुटताना तापली. आमची वाटणी झाली त्या दिवशी मात्र कुणाचा आवाजसुद्धा चढला नव्हता. 'हे तू घे', 'नको, तूच घे' असंच चाललं होतं. "भाऊ असावेत तर असे," मामा येईल त्याला सांगत होते आणि आम्ही दोघं निमूटपणे निवलेला चहा पीत होतो. त्या शांतपणाचा मला केवढा अभिमान!

आता चुरचुरणारं बोट तोंडात धरून उभा आहे आणि वाटतंय, त्या दिवशी तुटायचं काही उरलंच नव्हतं. आम्ही कधीच तुटलो होतो, आणि तेव्हा दोघांपैकी एकालाही साधा चटका बसला नव्हता.