ठिपके आणि चपला

आमच्या नव्या मंगल कार्यालयाचा आराखडा संगणकावर तपासत होतो. आग लागली असं धरलं की पडद्यावरचे ठिपके, म्हणजे माणसं, जवळच्या दाराने बाहेर पडतात.

"बघा सर, सगळे सुटले!" सहकारी मीनल खुशीत म्हणाली.

मला मात्र माझी काकू आठवली. परवाच एका लग्नात स्वयंपाकघरातून धूर आला. मागचं दार सताड उघडं होतं, तरी सगळे पुढच्याच दाराकडे पळाले, कारण चपला तिथे होत्या. काकू तर दारातच वाकून आपला जोड शोधत होती आणि मागून लोंढा येत होता.

"अगं काकू, राहू देत त्या!"

"अरे, नव्या आहेत!"

त्या दिवशी नुसता धूरच होता.

"मीनल, पुन्हा चालव."

ठिपके पुन्हा धावले. मी दारावरून नजर हलवली नाही. एकही ठिपका वाकला नाही.